संगणकाचे तापणे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

डेस्कटॉप संगणक तापू लागला की कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून ठेवणे, त्यासमोर टेबलफॅन लावणे आणि तेवढ्याने भागले नाही तर तो वातानुकूलित खोलीत हलवणे, हे उपाय घरोघरी व कार्यालयांत साधारणपणे याच क्रमाने केले जातात. त्यांच्या मुळाशी संगणकाला बाहेरून थंडावा कमी पडतो, ही समजूत असते. प्रत्यक्षात प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि ही उष्णता त्याच्या धातूच्या झाकणातून थर्मल पेस्टमध्ये, तेथून हीटसिंकमध्ये, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांच्या संचात, पात्यांवरून वाहणाऱ्या हवेत आणि अखेरीस कॅबिनेटबाहेर, अशा ठरलेल्या वाटेने जाते. ही वाट नेमकी कोठे अडली आहे हे पाहिल्याखेरीज केलेला खर्च बहुधा वाया जातो.

तापमानाचा आकडा सत्तर-ऐंशी अंशांवर गेला म्हणजे प्रोसेसर जळण्याच्या बेतात आहे, हा सर्वांत रूढ गैरसमज होय. इंटेलच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि एएमडीच्या रायझेन 7000 मालिकेतील बहुतेक प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जातील अशाच रीतीने घडवलेले आहेत. मर्यादा गाठताच प्रोसेसर स्वतःची गती कमी करतो, ज्याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि त्यानेही तापमान आटोक्यात न आल्यास संगणक स्वतःहून बंद होतो. जळण्याची भीती अगदीच निराधार होती असे नाही. 2001 साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू संगणकांचे हीटसिंक काढून घेतले, तेव्हा पेंटियम 4 मंदावून चालत राहिला आणि एएमडीचा अॅथलॉन मात्र जळून गेला. पण ती दोन दशकांपूर्वीची स्थिती होती.

शिवाय आकडा नेहमी खोलीच्या तापमानाशी ताडून वाचावा लागतो, कारण हवेवर चालणारा हीटसिंक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. 26 अंशांच्या खोलीत 66 अंश दाखवणारा संगणक मे महिन्यात चंद्रपूरच्या 42 अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी सुमारे 82 अंश दाखवील, आणि त्यात बिघाड काहीच झालेला नसेल.

बिघाड ओळखायचा तर तापमान किती चढले यापेक्षा ते किती वेगाने चढले, हे अधिक बोलके असते, आणि ते मोजण्यासाठी कोअर टेम्पसारखी विनामूल्य साधने पुरेशी आहेत. जड काम सुरू करताच काही सेकंदांतच आकडा 90च्या पुढे उसळत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या सांध्यात असतो. तोच आकडा दहा-वीस मिनिटे हळूहळू चढत राहिला, तर धूळ किंवा कॅबिनेटमधील कोंडलेली हवा यांचा संशय घ्यावा. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणारे साधे कूलर प्लास्टिकच्या चार खुंट्यांनी मदरबोर्डवर बसवलेले असतात आणि सांध्याचा दोष पुष्कळदा याच खुंट्यांत सापडतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन-दोन खुंट्या एकदम दाबल्या नाहीत, तर त्यांतील एखादी अर्धवटच बसते आणि वरून सर्व ठीक दिसत असूनही हीटसिंक एका बाजूने किंचित उचललेला राहतो. मदरबोर्डच्या मागील बाजूने पाहिले असता प्रत्येक खुंटीचे पांढरे पाय फाकलेले आणि काळी दांडी त्यांच्यामधून आरपार आलेली दिसली पाहिजे. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक संरक्षक पट्टी काढायची राहून गेल्याची उदाहरणेही दुर्मीळ नाहीत.

याच सांध्यातील थर्मल पेस्टविषयी ‘जितकी जास्त तितकी चांगली’ असे मानले जाते, परंतु तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 एककांची असताना पेस्टची जेमतेम काही एककांची असते. तरीही ती लागते, कारण दोन सपाट दिसणाऱ्या धातुपृष्ठांमधील सूक्ष्म खळग्यांत हवा अडकलेली असते आणि हवेची वाहकता 0.026 इतकी क्षुल्लक असते. खळगे भरण्यापुरता, साधारण वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. त्याहून जाड थर हा अडथळाच ठरतो.

बाजूचे झाकण काढल्याने तापमान लक्षणीय उतरले, तर त्याचा अर्थ एवढाच की कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, आणि ते उघडे ठेवणे म्हणजे धुळीला आमंत्रण होय. जादा पंखे बसवतानाही दिशा पाहिली जात नाही: पंखा आपल्या मोकळ्या बाजूने हवा ओढतो आणि जिकडे मोटार धरणाऱ्या दांड्या असतात तिकडे फेकतो, म्हणून पुढील पंख्यांनी हवा आत घ्यावी व मागच्या-वरच्या पंख्यांनी ती बाहेर टाकावी. लिक्विड कूलिंगनेही उष्णता अखेर हवेतच सोडली जाते. 253 वॉटपर्यंत जाणाऱ्या कोअर आय9-13900केसारख्या प्रोसेसरला ते शोभते, साध्या कार्यालयीन संगणकाला नाही.

धूळ काढताना संगणक बंद करून वायर काढावी आणि ब्लोअरच्या झोताखाली पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण अतिवेगाने फिरल्यास बेअरिंग खराब होते.

राहिला प्रश्न अचानक बंद पडणाऱ्या संगणकाचा. तापमान मर्यादेपासून दूर असतानाही तो बंद पडत असेल, तर प्रोसेसरला दोष देण्याऐवजी एसएमपीएस, म्हणजे घरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत बदलणारी पेटी, तपासून घ्यावी. ती घरी उघडू मात्र नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरांमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ साठून राहतो.