कोपऱ्यापर्यंत उजेड

हवाई छायाचित्रांवरून डोंगराची उंची कशी कळते, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला हमखास येतो. संगणक येण्यापूर्वी कित्येक दशके ती अशी मोजत : एकाच प्रदेशाची दोन जागांवरून टिपलेली छायाचित्रे दोन प्रक्षेपकांतून टेबलावर पाडायची, एक तांबड्या काचेतून, दुसरे निळसर-हिरव्या. तशाच काचांचा चष्मा लावला की टेबलावर डोंगर उभा! तत्त्व सोपे, अडचण उजेडाची होती.

विशालकोनी कॅमेऱ्यात फिल्म भिंगापासून 152 मिलिमीटरवर असते आणि चित्र 23 सेंटिमीटर चौरसाचे. फळ्यावर आकृती काढून कोन मोजायला सांगा. कर्णावर तो सुमारे 94 अंश भरेल. प्रक्षेपकात चित्र लहान केले तरी चालते, पण हा कोन बदलून चालत नाही. किरण ज्या कोनाने कॅमेऱ्यात शिरले त्याच कोनाने बाहेर पडले पाहिजेत, नाहीतर उंची खोटी येते. शिवाय शिखर आणि दरी दोन्ही रेखीव दिसावीत म्हणून भिंगाचे छिद्र बारीक ठेवावे लागते. अशा छिद्रातून तिरपा जाणारा प्रकाश ढोबळमानाने कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. 47 अंशांवर, म्हणजे चित्राच्या कोपऱ्यात, उरतो जेमतेम पाचवा हिस्सा.

मल्टिप्लेक्स यंत्रात चित्र बरेच लहान करून त्यामागे प्रकाश गोळा करणारी भिंगे बसवत. सोय झाली, पण बारीक तपशील हरवू लागला. अमेरिकेत हॅरी केल्श यांनी उलटा विचार केला : चित्र पूर्ण आकाराचेच ठेवा, सगळे उजळूच नका! नकाशा काढणारा जेथे पाहतो आहे तेवढ्याच भागावर प्रकाश टाकणारा छोटा दिवा त्यांनी दांडीने मोजणीच्या फिरत्या पाटाला जोडला. पाट सरकला की दिवा कलतो. मला स्वतःला हीच युक्ती अधिक भावते.

रसेल बीन यांनी मात्र भूमितीचा आधार घेतला. दोन खिळे ठोकून, सैल दोऱ्यात पेन्सिल अडकवून आपण लंबवर्तुळ काढतो. ते खिळे म्हणजे त्याच्या नाभी. अशा आकाराच्या आरशाच्या एका नाभीपाशी दिवा ठेवला, तर किरण आरशावर कोठेही आपटो, परतून दुसऱ्या नाभीकडेच जातो. बीन यांनी तेथे प्रक्षेपकाचे भिंग ठेवले आणि चित्र मधल्या वाटेवर. आता चित्राच्या कोपऱ्यातून येणारा किरणही, कितीही तिरपा असला तरी, थेट भिंगाच्या छिद्रातच उतरतो.