युकुलेले धरायचं कसं? पट्टा हवा की नको?

२३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांवर कामासाठी होनोलुलूला उतरले. त्यांच्या माशेतसारख्या चिमुकल्या तारवाद्यांपासून हवाईत युकुलेले घडलं. त्याचा सोप्रानो आकार जेमतेम २१ इंचांचा आणि अगदी हलका. त्यामुळे ते छातीशी धरून, पट्ट्याविनाच वाजवण्याची रीत पडली.

उभं राहून वाजवताना उजव्या हाताचा कोपराखालचा भाग वाद्याच्या रुंद भागावर ठेवून ते अंगाशी अलगद धरावं. दांडी डावा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात टेकवावी, मुठीत आवळू नये. खरी अडचण कॉर्ड बदलताना येते: डावा हात सरकला की दांडी खाली झुकते. म्हणून ती आधीपासूनच थोडी वर, तिरकी धरावी. वाद्य फार दाबलं तर मागच्या फळीचा कंप अडतो आणि आवाज दबतो. बसल्यावर उजव्या मांडीचा आधार पुरतो.

टेनर (सुमारे २६ इंच) आणि बॅरिटोन (सुमारे ३० इंच) यांना मात्र पट्टा लावणंच शहाणपणाचं. ध्वनिछिद्रात आकडा अडकवायचा पट्टा भोक न पाडता बसतो, पण दोन्ही हात सोडले की वाद्य पुढे कलंडतं. भरवशाचा म्हणजे दोन बटणांचा पट्टा. बटण बसवायचं ते आत लाकडी ठोकळा असेल तिथेच, कारण पातळ फळीत स्क्रू पिळला तर ती चिरते. हे काम वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या.