डोंबिवलीतील घर: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

डोंबिवलीत घर घेणारा मनुष्य बहुधा आयुष्यभराची पुंजी एकाच व्यवहारात ओतीत असतो, आणि म्हणूनच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उमटला, दस्तावर शिक्का पडला व सूची क्रमांक दोनचा उतारा हाती आला की घर कायदेशीर झाले, हा सर्वत्र रूढ असलेला समज आधी दूर करणे अगत्याचे आहे. दस्तनोंदणी ही अमुक दोन पक्षांत अमुक व्यवहार झाल्याची सरकारदप्तरी झालेली नोंद होय. इमारतीस रीतसर परवानगी होती की नाही, याचा निवाडा ती करीत नाही. घरपट्टीच्या पावतीचेही तेच. अनधिकृत बांधकामावरही महापालिका कर आकारते, आणि अशा आकारणीने बांधकाम नियमित होत नाही, हे महापालिका अधिनियमातच नमूद आहे.

‘पण महारेराचा क्रमांक आहे ना?’ हा प्रश्न, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील नोंदणीचा, आता सर्रास विचारला जातो. त्याचे उत्तर डोंबिवलीनेच फार महाग किमतीस दिले आहे. महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती पाडून टाकण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा त्यांत कर्ज काढून राहावयास आलेली, हप्ते नेमाने भरणारी, सर्वस्वी निरपराध कुटुंबे होती. त्यांची अवस्था मनाला फार क्लेश देते. महारेराची नोंदणी आवश्यक खरी, परंतु ती सादर झालेल्या कागदांवर उभी असते. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावरील बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, त्यावरील जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि मंजूर मजल्यांची संख्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात ताडून पाहावी, आणि उत्तर तोंडी न घेता लेखीच मागावे. इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्राचीही अशीच शहानिशा करावी. इसाराची रक्कम त्यानंतरच द्यावी. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मनाई केली आहे.

सातबाऱ्यावर नाव असणे म्हणजे निर्विवाद मालकी, हाही असाच एक भ्रम. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकीची परंपरा मूळ खरेदीखते, वारसांचे फेरफार आणि जमिनीवरील बोजा पाहूनच ठरते, व त्यासाठी जाणत्या वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घेण्याची रूढ पद्धत आहे. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

परिसराविषयी बोलायचे तर, गणेश मंदिर, फडके रोड आणि तेथील नववर्षाची शोभायात्रा यांवरून साऱ्या डोंबिवलीची कल्पना करणे बरोबर नाही. पूर्वेकडील औद्योगिक वसाहत आणि निवासी वस्ती अगदी लगत आहेत. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तेथील रासायनिक कारखान्यांत झालेल्या भीषण स्फोटांनी माणसांचे प्राण घेतले व दूरवरच्या घरांच्या काचा फोडल्या. अशा ठिकाणी घर पाहावयाचे असल्यास रविवारच्या दुपारी एकदा जाऊन समाधान मानू नये. कारखाने चालू असताना आणि रात्री उशिराही जावे, हवेला वास येतो काय ते पाहावे, पाणी किती वेळ येते हे शेजाऱ्यांस विचारावे.

क्षेत्रफळाचा घोळ त्या मानाने सोपा आहे. विकासक ‘सुपर बिल्ट-अप’चा आकडा सांगो, कायद्याने चटई क्षेत्रच जमेस धरावयाचे असते, त्यात आतील भिंती येतात, बाहेरील भिंती व बाल्कनी येत नाहीत.

जुन्या इमारतीतील सदनिका घेताना मात्र गृहनिर्माण संस्था नोंदविलेली आहे एवढ्यावर थांबू नये, कारण संस्था झाली तरी जमीन पुष्कळदा मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली असते आणि पुनर्विकासाची वेळ आली म्हणजे तेथेच सारे अडते. अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीचे संस्थेच्या नावे हस्तांतरण, झाले आहे काय, हे संस्थेच्या सचिवांस विचारून दस्त प्रत्यक्ष पाहावा. झाले नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो, आणि तो संस्थेने केला आहे काय, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.