पुढे गेलेल्या तोंडाच्या कर्करोगावर जोड-औषधे

आपल्या मुरबाड-शहापूर भागात मशेरी आणि तंबाखू-चुना अजूनही चालतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सवय सुटली नाही. तोंड व घशाच्या कर्करोगाचे तंबाखू हे फार मोठे कारण आहे. गाठ लहान असताना शस्त्रक्रिया व किरणोपचाराने रुग्ण बरा होऊ शकतो. परंतु दुखणे अंगावर काढण्याची आपली रीत. त्यामुळे पुष्कळजण उशिरा पोचतात, तर काहींचा रोग उपचारानंतर पुन्हा उलटतो. अशा वेळी "आता काही उरले नाही" असे घरचेच ठरवून टाकतात. तसे ठरविण्यापूर्वी पुढील माहिती प्रत्येकाला असावी.

नेहमीची केमोथेरपी वाढणाऱ्या सर्वच पेशींवर मारा करते. त्यात रोगाबरोबर चांगल्या पेशीही मरतात. आता दोन वेगळ्या प्रकारची औषधे आली आहेत. पहिला प्रकार नेमक्या जागी काम करणारा, म्हणजे टार्गेटेड औषधांचा. कर्करोगाच्या पेशीवर 'वाढ' असा निरोप घेणारी एक कडी असते. एर्लोटिनिबची गोळी हा निरोप अडविते. दुसरा प्रकार इम्युनोथेरपीचा. रक्तातील टी-पेशी या शरीराच्या पहारेकरी होत. त्यांना थांबविणारा एक ब्रेक असतो. कर्करोग नेमका तोच दाबून धरतो व पहारेकऱ्यांना गप्प बसवितो. निव्होलुमॅब हे औषध तो ब्रेक सोडविते. अशा ब्रेकवरील संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण आहे ती पैशाची. निव्होलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. हा खर्च शेतकरी वा मजूर कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. जमीन विकली तरी किती दिवस पुरणार?

या प्रश्नाला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हात घातला. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. रोग पुढे गेलेल्या या रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब ही तोंडाने घेण्याची औषधे दिली. एका गटाला त्यासोबत दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब दिले, पण फक्त २० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर नेहमीच्या पद्धतीने ७२० मिलिग्रॅम लागते, येथे ४०. म्हणजे अठरावा हिस्सा.

एक वर्षानंतर केवळ गोळ्या घेणाऱ्या गटात शंभरातील सुमारे १६ रुग्ण हयात होते, तर जोड-औषधांच्या गटात सुमारे ४३. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. तीव्र दुष्परिणामही वाढले नाहीत.

मात्र गैरसमज नको. याने रोग मुळासकट जातो असे नाही. अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, हेही या अभ्यासाने तपासलेले नव्हते. एर्लोटिनिबने अंगावर पुरळ व जुलाब होतात. इम्युनोथेरपीत जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी फुफ्फुस, आतडी वा थायरॉइडवरही उलटते. म्हणून हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे. पण ज्या घरात मुलीचे लग्न वा मुलाची परीक्षा तोंडावर आहे, त्या घराला या वाढलेल्या महिन्यांचे मोल विचारा!

तेव्हा बंधु-भगिनींनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर लगेच दाखवा. रोग पुढे गेला असेल तर अल्प मात्रेची इम्युनोथेरपी आपल्या रुग्णाला चालेल काय, हे डॉक्टरांना न संकोचता विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो, याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करा; शेत विकण्याचा विचार त्यानंतर.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तंबाखूची पहिली चिमूट नाकारणे तुमच्या हाती आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.