तोडणी मजुराला भरपगारी रजा का नाही?



हंगाम सुरू झाला की आम्हाला एकच प्रश्न येतो : "साहेब, टोळी कधी येणार?" टोळीला सुट्टी कधी, हे मात्र कोणी विचारत नाही.

कारण हिशेबात आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस काम भरणाऱ्याला दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा दिली. 2020 च्या कामगार संहितेत ही अट 180 दिवसांवर आली. आपला हंगामच जेमतेम चार-पाच महिने! त्यात मजुरी टनावर, करार मुकादमाशी, आणि अंगावर उचल. रजा लांबच, कोयता एक दिवस बसला की खाडा म्हणून पैसे कापले जातात.

खाडा नको म्हणून बाया आजारपणातही फडात उतरतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या तक्रारींवरून 2019 मध्ये शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

गाळप अडेल ही भीती आम्ही जाणतो. पण थांबत नाही तो तोडलेला ऊस. उभा पक्व ऊस एका दिवसाने बिघडत नाही. टोळ्यांना आळीपाळीने पंधरवड्यातून एक दिवस सुट्टी दिली, तर गव्हाण रिकामी पडणार नाही. त्या दिवसाची मजुरी कोणी सोसायची, हे वार्षिक सभेत ठरवू. तोवर आपल्या फडात आजारपणाचा खाडा कापू द्यायचा नाही, एवढे तरी प्रत्येकाने मुकादमाला बजावावे.

— ऊस विकास अधिकारी