बंदिशीतले शब्द

ख्यालाची बंदिश नुसती कागदावर वाचली तर बहुधा निराशा होते. स्थायी आणि अंतरा मिळून जेमतेम चार ओळी, भाषा बहुतेक वेळा ब्रज, विषय प्रियकराची वाट, सासू-नणंदेचा जाच, पाऊस नाहीतर ईश्वरस्तुती. पण तिला कविता म्हणून तोलणेच चुकीचे. इथे शब्द अर्थापेक्षा उच्चारासाठी निवडला जातो: आकार मोकळा मिळावा, सम नेमक्या अक्षरावर पडावी. तरीही साहित्याशी नाते तुटत नाही. अठराव्या शतकात मुहंमदशहा रंगीले याच्या दरबारातील नियामतखाँ आपल्या रचनांत ‘सदारंग’ हे नाव गुंफत, अगदी संतकवींच्या नाममुद्रेसारखे.

महाराष्ट्रात शब्द आणि राग यांची खरी गाठ रंगभूमीवर पडली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात आले, तेव्हा पदांवर साकी, दिंडी, कीर्तन यांची छाया होती. पुढे ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंबे यांनी आणि ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. त्या ख्याल-ठुमरीच्या वळणाच्या होत्या आणि नाटककार खाडिलकरांना त्यांच्या मापाने पदे लिहावी लागली. त्यात अर्थाची ओढाताण झाली, हे मान्य करावेच लागते. गायक-नट बालगंधर्वांच्या गळ्यामुळे ती कुणाला खुपली नाही, एवढेच.

ख्यालगायक कुमार गंधर्वांनी उलट वाट धरली. देवासला राहून त्यांनी माळव्यातली लोकगीते अभ्यासली, कबीराची निर्गुणी भजने मैफलीत आणली. त्यांच्या स्वरचित बंदिशी ‘अनूपरागविलास’मध्ये स्वरलिपीसह छापलेल्या आहेत.