दहा ते चार, बडोदे

शनिवारी पहाटे पावणेपाचचा गजर लावणाऱ्या नवरा-बायकोकडे लोक जरा संशयानेच बघतात. "ऑडिट आहे का?" खालच्या वॉचमननं विचारलं. नाही, फिरायला चाललोय, म्हटल्यावर त्यानं आमच्या हातातली एकुलती एक छोटी सॅक बघितली आणि गेट उघडलं.

आमच्या घरी वीकेंड म्हणजे काय असतो ते आधी सांगते, म्हणजे पहाटे उठण्याचं कारण कळेल. गेले चार महिने शनिवार-रविवार म्हणजे घर शोधणं. ओनरला त्याचा फ्लॅट परत हवाय, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलंय, आणि आम्ही दोघं एका ब्रोकरच्या बाईकमागून रिक्षा पळवत कुणाकुणाच्या बेडरूमच्या भिंतींना ओल आहे का ते बघत फिरतोय. सोमवार ते शुक्रवार माझी शिफ्ट दुपारची, त्याची सकाळची. आठवड्यात आमच्या गप्पा होतात त्या फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून. शेवटी एका गुरुवारी मी चिठ्ठी लिहिली: 'शनिवारी ब्रोकर नको. ट्रेन.' खाली त्याचं अक्षर: 'कुठली?'

बडोद्याची. पुणं नको, कारण पुण्यात त्याचे दोन काका आहेत. लोणावळा नको, कारण तिथे अख्खी मुंबई आहे. आणि बडोदे का, तर सकाळी सहाच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून सुटणारी वंदे भारत दहाच्या आसपास तिथे पोचते आणि तीच दुपारी चारच्या सुमारास परत न्यायला येते. वेळा अधूनमधून बदलतात, तिकीट काढताना नीट बघा. पण हिशोब सोपा आहे: सहा तास, हॉटेलचा खर्च शून्य, रात्री साडेआठला स्वतःच्या (तोपर्यंत तरी स्वतःच्या) सोफ्यावर.

खिडकीतला पिक्चर

बोरिवलीला चढलो. वसईची खाडी ओलांडली तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. डहाणू-घोलवडला चिकूच्या बागा. नाश्ता येतो, झोप येते, सुरत जाते आणि भरूचला नर्मदा. इथे मात्र जोडीदाराला उठवा. शेजारीच 1881 साली बांधलेला जुना लोखंडी गोल्डन ब्रिज दिसतो, आणि खाली नदी एवढी रुंद की पूल संपता संपत नाही.

या प्रवासात आम्ही तीन तास सलग बोललो. ओल, डिपॉझिट आणि पार्किंग सोडून.

गोपाळचं गाव

बडोद्याचं अधिकृत नाव 1974 पासून वडोदरा, पण मराठी माणसाच्या तोंडी बडोदेच. हे शहर ज्यांनी घडवलं ते सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातले, मालेगावजवळच्या कवळाण्याचे. घरचं नाव गोपाळ. 1875 मध्ये, बारा वर्षांचे असताना, महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि शेतकऱ्याघरचा हा मुलगा गादीवर बसला. पुढे 1906 मध्ये त्यांनी संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा काढली, 1910 मध्ये थेट अमेरिकेतून ग्रंथालयाचा तज्ज्ञ बोलावून गावोगावी वाचनालयं उघडली. तुमचं सॅलरी अकाउंट त्या बँकेत असेल, तर महाराजांशी तुमचा संबंध आहेच की.

स्टेशनवरून रिक्षा केली आणि आधी लक्ष्मीविलास पॅलेस गाठला. (सोमवारी जाऊ नका, बंद असतो.) राजवाडा 1890 मध्ये पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेस पाहिला असेल तर हात ओळखीचा वाटेल. मँट 1881 मध्येच गेले. आपलं गणित चुकलंय, एवढी मोठी इमारत कोसळणार या भीतीनं त्यांनी जीव दिला, अशी गोष्ट सांगतात. नंतर रॉबर्ट चिझम यांनी काम पुरं केलं आणि राजवाडा अजून ठणठणीत उभा आहे. "डेडलाइनचं टेन्शन," नवरोबा म्हणाले. ते प्रोजेक्ट मॅनेजर आहेत.

कानाला ऑडिओ गाईड लावून फिरायचं. राजघराणं आजही इथे राहतं, त्यामुळे बघायला मिळतो तो थोडाच भाग. पण दरबार हॉलमध्ये थांबा. रंगीत बेल्जियन काचांतून ऊन मोझेकच्या फरशीवर पडतं आणि आपण आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो. आवारातच महाराजा फत्तेसिंह म्युझियम आहे, तिथली राजा रविवर्म्यांची चित्रं चुकवू नका. सयाजीरावांनी त्यांच्याकडून राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रं काढून घेतली होती. रविवर्म्यांनी पुढे 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांच्या तसबिरी घराघरांत गेल्या. आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीचं माहेर अशा जागी निघतं.

इथे दोन तास गेले. दीड ठरवला होता.

सेव उसळ आणि आडनाव

तिथून दांडिया बाजार. हा जुना मराठी भाग. पाट्या गुजराती, पण मधूनच एखाद्या दारावर 'जोशी', 'शिर्के' वाचायला मिळतं. गायकवाडांबरोबर आलेली आणि नंतर नोकरीला आलेली मराठी घरं इथे पिढ्यान् पिढ्या राहिली. रियासतकार सरदेसाई महाराजांच्या चाकरीत होते, दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. 2018 साली मराठी साहित्य संमेलनही इथे भरलं होतं. तांबेकर वाड्यात बाहेरून काहीच कळत नाही; आत गेलात की एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, भिंतींपासून दारांपर्यंत सगळीकडे. तांबेकर बडोद्याचे दिवाण होते. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघं सोडून तिथे कुणीही नव्हतं. मुंबईत आम्हाला एवढा एकांत पैसे देऊनही मिळालेला नाही.

भूक लागली होती. बडोद्यात सेव उसळ खायची, हे ठरलेलं. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांदा, तिखट तरी, बरोबर पाव. आपल्या मिसळीची चुलत बहीण, गुजरातेत नांदायला गेलेली. बाकावर शेजारी साडी नेसलेल्या एक आजी बसल्या होत्या. आमचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "मुंबईचे का गं तुम्ही?" मग त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत त्यांनी मुलं, नातवंडं, गुडघे सगळं सांगितलं. आणि मग, अगदी प्रेमानं: "आडनाव काय तुमचं?"

मी माझं सांगितलं. लग्नानंतर बदललेलं नाही. आजींची मान हलली, ओळखीचं होतं. "आणि यांचं?"

त्यानं सांगितलं. आजी म्हणाल्या, "अस्सं," आणि तरी वाढून घ्यायला उठल्या. परत आल्यावरही छान बोलल्या, निघताना मला गाल कुरवाळून गेल्या. कदाचित काहीच नसेल. पण गेल्या चार महिन्यांत आम्हाला त्या 'अस्सं'चा आवाज ओळखता यायला लागलाय.

फोन मी केला की फ्लॅट रिकामा असतो. "फॅमिली ना मॅडम? दोघंच? उत्तम." टोकनच्या वेळी अ‍ॅग्रीमेंटवर त्याचं पूर्ण नाव येतं आणि संध्याकाळी ब्रोकरचा फोन येतो. ओनरचा भाचा अचानक येतोय. ओनरनी विकायचं ठरवलंय. ओनरच्या मिसेसना एकदा विचारायला हवं. तीन फ्लॅट असे गेले. कुणी एक शब्द वावगा बोललेलं नाही, त्यामुळे भांडायचं कुणाशी तेच कळत नाही. शेवटच्या वेळी मी त्याला म्हटलं होतं, "पुढच्या वेळी अ‍ॅग्रीमेंट माझ्या एकटीच्या नावानं करू या का?" सोपा उपाय म्हणून म्हटलं होतं. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, आणि फ्रिजवर चिठ्ठीही नव्हती.

बागेतले पाच तास

अडीच वाजले होते. माझ्या यादीत कीर्ती मंदिर होतं, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं बघायला, आणि सयाजी बागेतलं म्युझियम, जिथे इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. दोन्ही होणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, "मला बागेतच जायचंय. पण म्युझियममध्ये नाही."

बागेच्या तोंडाशी काळा घोडा आहे. हो, बडोद्यातही! फरक एवढाच, की इथल्या घोड्यावर सयाजीराव बसलेले आहेत आणि आपल्या मुंबईच्या घोड्यावर कुणीच नाही. पुलाखालून विश्वामित्री वाहते, तिच्यात खऱ्याखुऱ्या मगरी आहेत. शहराच्या मधोमध. आम्हाला दिसली नाही, दोघांनीही अर्धा-अर्धा तास दिसल्याची थाप मारली.

सयाजी बागेचं जुनं नाव कमाठी बाग, आणि इथेच संकल्पभूमी आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले आंबेडकर 1917 मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. हुद्दा मोठा होता. राहायला मात्र जागा मिळेना. शेवटी ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. ऑफिसात शिपाई फाइल लांबून फेकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक धर्मशाळेत आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. त्यांनी एका हिंदू मित्राला विचारलं. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारायला हवं.

हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. मला 'संकल्पभूमी' हा शब्द माहीत होता, 23 सप्टेंबरला इथे हजारो लोक येतात हे माहीत होतं. बायकोला विचारायला हवं, हे वाक्य माहीत नव्हतं. ते मला त्या दिवशी नवऱ्यानं सांगितलं, बागेतल्या बाकावर, शेंगा सोलत.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे म्हणून ते या बागेत येऊन बसले. आठ वाजता धर्मशाळेत जाऊन सामान घेतलं. तिथला व्यवस्थापक बाहेर आला, पण दोघांपैकी कुणालाच बोलता आलं नाही.

"धर्मशाळेत नाव बदलावं लागलं त्यांना," तो म्हणाला. "तू अ‍ॅग्रीमेंटचं म्हणालीस ना, तेव्हा मला तेच आठवलं. तुझं चुकलं असं नाही."

"मग तेव्हाच सांगायचंस ना."

"चिठ्ठीवर मावलं नसतं."

बाजूला बागेतली छोटी ट्रेन शिट्टी मारत गेली, पोरांनी भरलेली. एक काका-काकू आले, चपला काढून नमस्कार केला, आमच्याकडून फोटो काढून घेतला. साडेतीनला आम्ही निघालो. बागेतून स्टेशन जवळ आहे, चालतही जाता येतं. देवमासा राहिला. कीर्ती मंदिर राहिलं. सहा तासांत बडोदे होत नाही, हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल तर मी सांगते. सुरसागर, खंडेराव मार्केट, मांडवी हे सगळं आम्ही फक्त रिक्षातून बघितलं. तुम्हाला दोन दिवस मिळत असतील तर दोन दिवस काढा. नसतील तर राजवाडा, एक वाडा, उसळ आणि बाग. लीलो चिवडा स्टेशनवर जाता जाता घ्या, ऑफिसमध्ये सोमवारी अकराच्या आत संपतो.

गाडी वेळेवर होती. नर्मदेचा पूल आला तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. नवरोबा यावेळी जागे होते. आणि नेमका तेव्हाच ब्रोकरचा फोन आला: "मॅडम, वन बीएचके आहे, स्टेशनपासून सात मिनिटं, ओनर चांगला आहे. कधी येता?"

मी त्याच्याकडे बघितलं. फोन स्पीकरवर टाकला आणि आधी त्याचं पूर्ण नाव सांगितलं, मग माझं. अ‍ॅग्रीमेंट या दोन्ही नावांवर होईल, चालणार असेल तरच आम्ही येतो.

पलीकडे थोडा वेळ फक्त गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"ओनरला विचारून सांगतो," ब्रोकर म्हणाला. आणि सुरत यायच्या आत त्याचा मेसेज आला: 'उद्या अकराला या. दोघं या.'

रविवार गेलाच म्हणायचा. पण बघू.